निवृत्तीअण्णांचा पाचवा टायर

निवृत्तीअण्णा आधी चप्पल बघत, गाडी नंतर.

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की अण्णा मान वर न करता म्हणत, "चप्पल काढा जरा." नवीन माणसाला वाटे, आत देवाचा फोटो असेल, म्हणून तो भक्तिभावाने काढायचा. अण्णा ती चप्पल उचलून उलटी करत, तळावरून अंगठा फिरवत आणि निकाल देत. "उजवी टाच गेलीय. ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी हाकता तुम्ही." दुसऱ्याला म्हणत, "दोन्ही चवड्यात झिजलीय. घाईचा माणूस. ह्यांना जाड नक्षीचा टायर द्यायचा नाय, वळणावर मरतील." हे 'मरतील' ते 'चहा घेतील' इतक्याच सहजपणे म्हणत. माणूस हसायचा, टायर घ्यायचा आणि घरी जाताना प्रत्येक वळणावर गाडी हळू करायचा.

त्यांचं दुकान पाथर्डी फाट्याजवळ, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून होतं. वर पत्रा, बाजूंनाही पत्रा. मागे कोबीचं वावर, पुढे दिवसभर ट्रकांची रांग. अण्णा तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, वाळलेले, अंगात पांढरा लेंगा आणि बाहीची बनियन, आणि हात असे की तळव्याला आणि टायरला एकच कातडं लावलंय असं वाटावं. दाराशी त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'चार टायर बसवून मिळणार नाहीत'. ती वाचून बरेच लोक परत जात. त्यांना वाटे, इथे फक्त मोटारसायकलचं काम होतं.

मी गेलो तो त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांत काम करत होतो, बहुधा इन्स्पेक्टरचं. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप मला मिळाली होती. चारही चाकांना जोर लागणारी, दिसायला दणकट, फक्त टायर बारीक. धिप्पाड नवरदेवाला शाळेचे बूट घातल्यासारखी ती दिसायची. मला ते सहन होईना.

"सहा-सोळा आहेत," मी अण्णांना ऐटीत म्हणालो. "साडेसात-सोळा टाका." पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा आतल्या लोखंडी डिस्कचा, एवढं मी आदल्या दिवशीच पाठ केलं होतं.

"कशाला?"

"चिखलात जायला."

"कोणत्या चिखलात?"

मला एकही चिखल आठवेना. मी म्हणालो, "इगतपुरीकडे वगैरे. पावसाळ्यात."

अण्णांनी माझी चप्पल उलटी केली. "हिला आजवर चिखल माहीत नाय. करता काय तुम्ही?"

"नोकरी. आणि नाटकात काम करतो."

"मग बरोबर. नाटकवाल्यांना गाडी लांबून दिसायला पायजे." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'नाटकवाले' झालो, तो कायमचा.

पण त्यांनी मला हाकललं नाही. एक साडेसात-सोळा पुढच्या चाकाला चढवून बघितला. मग बादलीतला ओला चुना मडगार्डच्या आतून सगळीकडे फासला. जुन्या टायरांची चळत रचून दुसऱ्या बाजूचं मागचं चाक तिच्यावर चढवलं, म्हणजे सगळा भार नव्या टायरावर आला आणि कमानपाटे दबले. मग मला म्हणाले, "बसा आत आणि स्टेअरिंग फिरवा. पार शेवटपर्यंत. आता उलटं."

मी फिरवलं. अण्णांनी वाकून टायरच्या खांद्यावरून बोट ओढलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"चाटतोय," ते म्हणाले. "दुकानात उभी हाय म्हणून नुसता चुना लागला. रस्त्याला भर वळणात, खड्ड्यात, हाच टायर मडगार्डला धरून बसंल. आणि दुसरं सांगतो. टायर मोठा झाला की काटा खोटं बोलतो. तुम्ही म्हणणार चाळीसवर हाय, गाडी असणार पंचेचाळीसवर. ब्रेक उशिरा लागणार. इंजिन दमणार. सात-सोळा घ्या, मधली नक्षी. पाच."

"चार पुरे. स्टेपनी चांगली आहे जुनी."

अण्णांनी हातातली टामी, म्हणजे टायर काढायची लोखंडी कांब, हळूच खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी रंगमंचावर खुन्याकडे बघून कितीदा घाबरलोय, त्याची टाळीही घेतलीय. पण समोरचा माणूस रागावलेला नसताना, नुसता बघत असताना खरी भीती कशी वाटते, ते मला त्या दिवशी कळलं. मी पाच घेतले.

दुकानाला लागूनच सुमनवहिनींची चहाची टपरी होती. अण्णांच्या धाकट्या भावाची, सोपानची, ही बायको. सोपान काही वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. आईबापांनी निवृत्ती आणि सोपान अशी नावं ठेवली आणि मधल्या नावाची सोय झाली नाही, असं अण्णाच हसून सांगत. वहिनींना एक मुलगी होती, वैशाली. अण्णांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, बायको लवकर वारली होती. वहिनी अण्णांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत आणि त्याच पदराआडून त्यांना वाटेल ते सुनावत.

मी जीपचं हवापाणी बघायच्या निमित्ताने तिथे जाऊ लागलो. खरं कारण चहा आणि अण्णांचा तमाशा. एकदा दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आले. मुलाच्या लग्नासाठी जीप सजवायची होती. मुंबईहून चार राक्षसी टायर आणि चकचकीत डिस्क घेऊन आले होते. अण्णांनी चपलेची परीक्षा घेतली, चुन्याची घेतली, आणि आश्चर्य म्हणजे गाडी पास झाली, कारण पाटे आधीच उंच करून घेतले होते. अण्णांनी सकाळभर घाम गाळून चारही टायर चढवले. मग हात पुसत म्हणाले, "पाचवा द्या."

"पाचवा नाही आणला. मागं लटकतीय ना जुनी स्टेपनी."

अण्णा खाली बसले. जॅक लावला आणि पहिलं चाक खोलायला लागले.

"अहो, काय करताय?"

"काढतोय."

"अहो मिस्त्री, गाडी माझी, टायर माझे."

"हां. हात माझे."

बागायतदार ओरडले, मग विनवू लागले, मग खुर्चीवर बसून घाम पुसू लागले. अण्णांनी चारही चाकं उतरवली, जुनी चढवली आणि नवे चार टायर पाठीमागे नीट रचून दिले. हवासुद्धा तपासून दिली. ते गेले आणि त्यांनी दुसरीकडून काम करून घेतलं असणार. त्या वरातीचं काय झालं मला माहीत नाही. काही झालं नसावं, नाहीतर नाशिकभर कळलं असतं.

मी टपरीत जाऊन म्हणालो, "वहिनी, हे पाचाचं काय खूळ आहे हो?"

वहिनी चहा गाळत होत्या. गाळणं आपटून त्यांनी बाजूला ठेवलं.

"खूळ नाय, भाऊ. माझ्या मालकांची जीप होती. पाटबंधारेवाल्यांच्या सर्व्हेला लावलेली, पेठेकडं, सुरगाण्याकडं. पावसात पाड्यावर गाडी चढायची नाय, म्हणून ह्यांनी अण्णांच्या मागं लकडा लावला, मोठे टायर टाका. अण्णांनी पाटे वाढवले, चुना लावून बघितला, सगळं केलं. पण टायर आले चारच. पाचवा मंगळवारी यायचा होता. अण्णा म्हणले, थांब. हे म्हणले, सायब खोळंबलेत. मग अण्णा म्हणले, बरं, जा. मंगळवारी येऊन घेऊन जा."

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"शनिवारी सावळघाटात पुढचं डावं चाक फुटलं. ह्यांनी जुनी स्टेपनी लावली. बारकी. तीन पाय लांब आणि एक आखूड. उतारावर ब्रेक दाबला तशी गाडी डावीकडं ओढली. डावीकडं दरी होती."

मी कप हातात धरून बसलो.

"रविवारी घरी आणलं. मंगळवारी पाचवा टायर आला. अण्णांनी तो डिस्कवर चढवला, हवा भरली आणि आत टांगला. मी म्हणले, विकून टाका. नाय म्हणले, सोपानचा हाय." वहिनींनी दुकानाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आता विचारलंच तुम्ही म्हणून सांगते. तो टायर झिजतो."

भर दुपारचे तीन वाजले होते. रस्त्यावर ट्रक चालले होते. मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी नसताना कानशीनं घासत असतील. भावाच्या दुःखात माणूस काय करंल सांगता येत नाय. तुम्ही बघा एकदा."

मी बघितला. दुकानाच्या मागच्या पत्र्यावर एका जाड खिळ्याला तो टांगलेला होता. बाकीच्या टायरांवर धूळ होती, याच्यावर नव्हती. नक्षीचे ठोकळे अर्ध्यावर आले होते. आणि झीज कशी, तर कानशीने घासल्यासारखी सपाट नाही. बाहेरच्या कडेला थोडी जास्त, आत थोडी कमी, ठोकळ्यांची पुढची धार गोल आणि मागची तीक्ष्ण. घाटात चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाची असते तशी. हे ज्ञान माझं नाही, अण्णांनीच मला शिकवलेलं.

टायरशेजारी पत्र्यावर काड्या चिकटवल्या होत्या. काडेपेटीतल्या. अण्णा दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नक्षीच्या खाचेत काडी घालत, अंगठ्याच्या नखाने खोली धरून तिथे मोडत आणि तो तुकडा खळीने पत्र्याला लावत. एकाखाली एक, प्रत्येक काडी वरच्यापेक्षा थोडी आखूड.

"पळतोय," अण्णा माझ्या मागे येऊन म्हणाले. गाडी कुठवर आली असं विचारल्यावर सांगावं तसं.

"कोण, अण्णा?"

"सोपान. मी त्याला म्हणलो होतो ना, येऊन घेऊन जा. आला, घेऊन गेला. शब्दाला पक्का होता."

"पण टायर तर इथं आहे."

"टायर इथं हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "झीज तिकडची हाय."

आता मी कबूल करतो, की माझा स्वभाव चांगला नाही. कोणी मला भूत दाखवलं तर मी आधी त्याची चादर ओढून बघतो. पुढच्या पोळ्याला काडी मोडून झाल्यावर अण्णा चहाला गेले, तेव्हा मी बायकोच्या पेटीतून चोरलेली नेलपॉलिशची बाटली काढली. खिळ्यापासून डिस्कवर, डिस्कवरून टायरच्या अंगावर अशी एक लाल रेघ ओढली, आणि टायर जिथे पत्र्याला टेकत होता तिथे दोन्ही बाजूंना एकेक ठिपका दिला. टायर बोटभर जरी हलला असता, तरी पॉलिश तडकलं असतं. कानस लावायला तो खाली काढावाच लागला असता. वर्षभर मी मनातल्या मनात तो प्रसंग रंगवत होतो. अण्णा, ही रेघ तुटली कशी? असं मी इन्स्पेक्टरच्या आवाजात विचारणार, अण्णा ओशाळणार, वहिनी हसणार, आणि बिचाऱ्या माणसाचं मन एकदाचं मोकळं होणार.

वर्षाने मी बॅटरी घेऊन त्या कोपऱ्यात वाकलो. रेघ अखंड होती. ठिपके जागच्या जागी होते. पॉलिशवर साधी चीरसुद्धा नव्हती.

अण्णांनी काडी घातली, नख धरलं, मोडली. मागच्या वर्षीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी आखूड. मग खाचेत अडकलेला एक खडा त्यांनी खिळ्याने उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. त्याला लाल माती होती. आमच्याकडची माती काळी. ही लाल, पेठेकडची, आणि ओली.

"त्या अंगाला पाऊस चांगला दिसतोय," अण्णा म्हणाले.

मी खिशातला रुमाल काढून हात पुसला आणि नंतर तो रुमाल घरी नेला नाही. पॉलिशबद्दल मी अण्णांना कधीच सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चुलीतली लाकडं आत सारली आणि त्या दिवसापासून कानशीचं नाव काढलं नाही.

असं नका समजू, की अण्णा उदास माणूस होते. टायर झिजतोय हेच त्यांचं समाधान होतं. झिजतोय म्हणजे चाललाय, चाललाय म्हणजे दरीत नाही. जून लागला की ते आकाशाकडे बघून म्हणत, "आता त्याचे हाल. पण टायर बरा हाय अजून." एखाद्याचा भाऊ दुबईला असावा आणि त्याने तिथल्या उकाड्याबद्दल बोलावं, तसं. गिऱ्हाइकांशी त्यांची भांडणं चालूच होती. एका डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, "रुंद टायर घेऊ नका, तुमची छाती तेवढी रुंद नाय, स्टेअरिंग ओढायला ताकद लागते." डॉक्टर ते कौतुकाने सगळ्यांना सांगत.

दोन हजार सालानंतर मात्र अण्णांच्या बोलण्यातला तो निवांतपणा गेला. काड्या आता नखाएवढ्या झाल्या होत्या. मग एका पोळ्याला खाचच उरली नाही. टायर गुळगुळीत झाला होता आणि एका जागी रबर संपून आतला धागा दिसत होता. अण्णांनी त्या धाग्यावर बोट ठेवलं.

"नाटकवाले," ते म्हणाले, "हा फुटणार. आणि परत त्याच्याकडं स्टेपनी नाय."

त्यांना दुसरं काही सुचेना. तसला साडेसात-सोळा, त्याच नक्षीचा, आता कोणी बनवत नव्हतं. ज्या अण्णांनी दुकान सोडून कधी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ते आता एसटीने गावोगाव फिरू लागले. अखेर देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या गोदामात, बारदानाच्या ढिगामागे, कागदात गुंडाळलेला एक सापडला. कोरा. रबराचे केससुद्धा न झडलेला. अण्णांनी तो मांडीवर घेऊन एसटीतून आणला, डिस्कवर चढवला आणि जुन्याशेजारी टांगला.

वर्ष गेलं. मी मुद्दाम बघायला गेलो. नव्याचे केस जसेच्या तसे होते. जुन्याचा धागा मात्र चार बोटं उघडा पडला होता आणि बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. जुन्यावरच चालला होता तो.

"घेत नाय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "का घेत नाय?"

सुमनवहिनी दारात उभ्या होत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं, येऊन घेऊन जा. ह्या वेळी सांगितलं का?"

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं.

"न सांगता ते कधी घरातली काडी हलवायचे नाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला माहीत हाय ना."

"मग सांगायला जावं लागंल," अण्णा म्हणाले. "इथून कसं ऐकू जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या जीपने निघालो. मे महिना होता. अण्णा पुढे, नवा टायर मागे, आणि त्याच्याशेजारी त्याला एका हाताने धरून वहिनी. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, टायर घरंगळंल. वाटेत त्या फार बोलल्या नाहीत. घाट सुरू झाल्यावर एकदाच म्हणाल्या, "शेवटची ह्या रस्त्याला आले तेव्हा वैशू दुसरीत होती. आता ओझरला सासरी हाय. परवा सातवा लागला."

त्या वळणाच्या अलीकडे अण्णांनी थांबायला सांगितलं. मी डोंगराच्या कडेला गाडी लावली. त्यांनी टायर उतरवला, जॅक आणि टामी काखेत घेतली.

"तुम्ही इथंच थांबा दोघं. तो लाजतो."

तळव्याने थोपटत थोपटत ते टायर पुढे नेऊ लागले. पांढरा लेंगा, काळा टायर, तापलेला रस्ता. वळणावर कठड्याआड गेले. मग त्यांचा आवाज आला, हायवेच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा खणखणीत, "सोपान, टायर आलाय रे. येऊन घेऊन जा."

पुढे काही नाही. एक टेम्पो घाट चढून आला आणि गेला. ड्रायव्हरने हातसुद्धा केला. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मी घड्याळ बघितलं, अकराला दहा कमी होते. आणि मग जॅकची करकर ऐकू आली. संथ, एकसारखी, भार असल्यावर येते तशी. रिकामा जॅक असा वाजत नाही. टामी डांबरावर पडल्याचा आवाज आला. चाक ओढून काढल्याची खरखर. मग नट आवळायला लागले. वहिनी बोटांवर मोजत होत्या. एक, दोन. पाचव्यावर त्यांनी मूठ मिटली.

मी गाडीतून उतरलो. चार पावलं त्या वळणाकडे टाकलीसुद्धा. माझा स्वभाव मी आधीच सांगितलाय. वहिनींनी मागून उतरून येऊन माझी बाही धरली.

"भाऊ, नका."

मी थांबलो. आयुष्यात एवढा एकच पडदा असा आहे, की ज्याच्या मागे काय आहे ते मी बघितलं नाही.

अण्णा परत आले ते रिकाम्या हातांनी. तुम्ही म्हणाल, टायर दरीत लोटून दिला असेल. मीही म्हणालो असतो. पण त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत ताज्या ग्रीसने काळे झाले होते, आणि लेंग्याचे गुडघे लाल चिखलाने भिजले होते. मे महिन्यात. त्या रस्त्यावर कोसभर पाण्याचा थेंब नव्हता.

वहिनींनी विचारलं, "बोलले?"

"बोलला."

"काय?"

"पोरीचं विचारत होता. कितवीत हाय म्हणून."

वहिनींचा हात टायर ठेवला होता त्या रिकाम्या जागेवर होता. "मग?"

"म्हणलो, दुसरीत हाय."

वहिनींनी त्या जागेवरची धूळ झटकली. मग वहिनी म्हणाल्या, "बरं केलं."

मी चावी फिरवली, तर अण्णांनी माझ्या मनगटावर ते ग्रीसचं बोट ठेवलं. "थांबा. आधी त्याला जाऊ द्या. त्याला सायबाकडं पोचायचंय."

पुढच्या पावसाळ्याआधीच अण्णा गेले. मी तेव्हा बदलीवर औरंगाबादला होतो, मला आठवड्याने कळलं. म्हणून माझ्यापुरते शेवटचे अण्णा हेच आहेत. माझ्या शेजारी जीपमध्ये बसलेले, हात बाहेर काढून, समोरच्या गाडीला 'जा पुढे' अशी खूण करणारे. झाडाचं पानही हलत नव्हतं. वळणाकडून रस्त्याच्या कडेची धूळ उठली, सरळ आमच्या दिशेने आली, जीपला घासून मागे उतारावर गेली. अण्णांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली. मागे वहिनींनी नाकाला पदर लावला.